कौतिकाबाईंची झेल

“त्या आजींना थोडा वेळ आतल्या खोलीत नेता येईल का?” मी शोभावहिनींना विचारलं. “आवाज येतोय त्यांचा. रेकॉर्डिंगमध्ये.”

शोभावहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खाटेकडे. खाटेवर कौतिकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं आणि तेव्हापासून वाचाही गेलेली. तोंड डावीकडे ओढलेलं, लाळ पुसायला गळ्यात फडकं. डावा हात तेवढा शाबूत होता आणि त्याची बोटं मांडीवर सारखी चाललेली असायची. आवाज म्हणजे घशातून निघणारं एक घोगरं ‘अं-ओं-ओं’. ते कधीही सुरू व्हायचं आणि आपोआप थांबायचं.

शोभावहिनींनी सासऱ्यांच्या वेळचा गडी बोलावला, दोघांनी खाट उचलून आत नेली. मी कानांवर हेडफोन चढवले आणि पंचफुलाबाईंना खूण केली. पंचफुलाबाई धर्माळे म्हणजे कौतिकाबाईंच्या थोरल्या जाऊ आणि शोभावहिनींच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, अंगानं काटक, आणि त्या तालुक्यात धवळे, म्हणजे लग्नात बायकांनी म्हणायची जुनी गाणी, येणारी बहुधा शेवटची बाई. त्यांनी तोंड उघडलं, दाराकडे पाहिलं आणि मिटलं.

“गळा बसला,” त्या म्हणाल्या.

आम्ही त्यांना गरम पाणी दिलं, खडीसाखर दिली. तासभर गळा बसलेलाच राहिला. शेवटी वैदेही मला बाजूला घेऊन म्हणाली, “म्हातारीचा जीव आहे जावेवर. खाट परत आणू या, तू नंतर कापशील काय ते.” खाट परत आली आणि पंचफुलाबाईंचा गळा दोन मिनिटांत मोकळा झाला. आम्ही चौघी एकमेकींकडे बघून हसलो. किती गोड, असं तन्वी हळूच म्हणालीसुद्धा.

आम्ही चौघी अमरावतीच्या. ‘धवलिका’ हे आमच्या गटाचं नाव, वैदेही तारेनं ठेवलेलं. वैदेही आमची म्होरकी, आवाजानं गोड आणि स्वभावानं कडक. सुलभा आणि तन्वी गायच्या, मीही गायचे, पण माझं खरं काम लॅपटॉपवरचं. जुनी गाणी नव्या कपड्यांत उभी करायची, असा आमचा उद्योग होता. सातआठशे वर्षांपूर्वी या भागात बायका लग्नात जे म्हणत असतील ते शोधायचं, त्याला तीन पट्ट्यांतले आ-कार जोडायचे, खाली एखादा सावकाश बीट ठेवायचा आणि काळ्या साड्या नेसून अंधाऱ्या रंगमंचावर उभं राहायचं. कौतुक बरंच व्हायचं. टिंगलही व्हायची, पण ती आमच्या पाठीमागे, त्यामुळे चालून जायचं.

सावळापूरच्या पंचफुलाबाईंचा पत्ता आम्हाला एका प्राध्यापकांनी दिला. त्यांच्याकडचा धवळा फार जुना असावा, त्यातले काही शब्द आता कोणी बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही डिसेंबरात गेलो तेव्हा पंचफुलाबाईंनी एकच अट घातली. नात मोनालीचं लग्न मे महिन्यात ठरलेलं होतं. पूर्वी घरोघर हळदीला धवळा व्हायचा, आता गावात म्हणणारं कोणी उरलं नव्हतं आणि कौतिकाची तब्येत ही अशी.

“टेप करा, शिका, घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “मले काई नोको. पन माह्या मोनालीच्या हळदीले या आन म्हना. पुरा म्हना. अर्धा नाई म्हनत कोनी. अर्ध्यापरीस न म्हटलेला बरा.”

वैदेहीनं त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला. आम्ही तिघींनीही दिला.

धवळा कसा म्हणतात ते त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, हे मला इथं लिहून टाकलंच पाहिजे. एकीनं सांगायचं, दुसरीनं झेलायचं. पंचफुलाबाई सांगणाऱ्या, कौतिकाबाई झेलणाऱ्या. कौतिकाबाई लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षापासून हे असंच चालू होतं. आम्ही माना डोलावल्या. भजनात एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे तीच ओळ मागून ओढतात, तसंच काहीतरी असणार असं आम्ही धरून चाललो. आता मागून ओढणारी आजारी पडलेली, म्हणून मधल्या जागा रिकाम्या. एवढं साधं गणित होतं ते आणि ते आमच्यापैकी एकीनंही तपासून पाहिलं नाही. आम्ही चौघी मिळून सतरा वर्षं संगीत शिकलेल्या होतो.

ओळी एकवीस निघाल्या. एकवीसही प्रश्न. वेशीपाशी उभा गे कोण, कोणाचा म्हणावा. घोडा कोण्या रंगाचा गे, लगाम कोणाहाती. काय लेवून आली वरमाय, काय विसरून आली. मी त्या वहीत उतरवून पंचफुलाबाईंना वाचून दाखवल्या. त्यांनी बोटांवर मोजल्या आणि म्हणाल्या, “व्हय, माह्या एवढ्याच.”

परतीच्या वाटेवर गाडीत वैदेहीला ते सुचलं. गाडी चालवता चालवता ती म्हणाली, “लक्षात येतंय का तुमच्या? सगळे प्रश्न आहेत. त्या काळातली बाई विचारतेय, विचारतेय आणि कोणी उत्तर देत नाहीये. केवढं मोठं आहे हे.” आमच्या अंगावर काटा आला. कार्यक्रमाचं नाव तिथेच ठरलं: ‘अनुत्तरित’.

पुढचे तीन आठवडे मी ते रेकॉर्डिंग साफ करत बसले. कौतिकाबाईंनी माझा अंत पाहिला. पंचफुलाबाईंची प्रत्येक ओळ संपली की यांचं घोगरं सुरू. मी तो तो तुकडा निवडायचे आणि कापायचे, आणि त्या जागी खोलीची शांतता भरायचे. एकवीस ओळी, तीन वेळा म्हटलेल्या. म्हणजे त्रेसष्ट वेळा कापलं असेल. इतकं सफाईनं केलं की जोड कुठे आहे ते वैदेहीच्या कानालाही सापडेना. तिनं माझी पाठ थोपटली आणि मला ते फार आवडलं.

फेब्रुवारीत पहिला प्रयोग झाला. पंचफुलाबाईंचा ध्वनिमुद्रित आवाज एक प्रश्न विचारायचा, मग शांतता, मग त्या शांततेत आमचे आ-कार हळूहळू चढत जायचे, आणि विरले की पुढचा प्रश्न. प्रेक्षागृहात लोक रडले. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की धवलिकानं मराठी बाईचं आठ शतकांचं मौन ऐकवलं. ते कात्रण वैदेहीनं चौकट करून लावलं. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आम्ही दोन्ही जावांची नावं छापली होती, कारण पंचफुलाबाई सारखं ‘आमी दोघी’ म्हणायच्या. म्हातारीचं मन राखावं, एवढाच आमचा विचार होता.

मार्चमध्ये होळीच्या आसपास शोभावहिनींचा फोन आला की काकू, म्हणजे कौतिकाबाई, गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. आम्हाला वाईट वाटलं. आम्ही फेसबुकवर त्यांचा फोटो टाकला. सुलभानं फोटोतलं गळ्यातलं फडकं कापून टाकलं होतं.

मे महिन्यात शब्द दिल्याप्रमाणे आम्ही सावळापूरला गेलो. हळद सकाळी होती. अंगणात मांडव, मांडवात बायकांची दाटी, पाटावर मोनाली पिवळ्या साडीत बसलेली. नवरीच्या मामानं आणलेले मोठाले स्पीकर पंचफुलाबाईंनी अर्धा तास बंद ठेवायला लावले होते, त्यामुळे पोरंसोरं जरा नाराज होती. पंचफुलाबाई पाटाच्या उजव्या अंगाला मांडी घालून बसल्या आणि आम्हाला त्यांनी समोर डाव्या अंगाला बसवलं. बायकांना त्या अभिमानानं सांगत होत्या की या अमरावतीच्या, यायनं समदा शिकला, आमच्या दोघीचा.

मग त्यांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. वेशीपाशी उभा गे कोण, कोणाचा म्हणावा.

त्या थांबल्या. आम्ही आ-कार लावला. मांडवाखाली तो काय सुरेख घुमला म्हणून सांगू. वैदेही खाली, सुलभा मध्ये, मी आणि तन्वी वर. आम्ही उतरत उतरत थांबलो.

पंचफुलाबाईंनी डोळे उघडले होते. त्या वाट पाहत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. आम्हाला वाटलं, वय झालं, विसरल्या असतील. आम्ही पुन्हा आ-कार लावला, या वेळी जरा लवकर उतरलो. त्यांनी तिसऱ्यांदा तीच ओळ म्हटली, आता गळ्यात सूर कमी आणि विचारणं जास्त होतं.

“झेला ना वं बाई,” त्या म्हणाल्या.

“झेलतोय ना, आजी,” वैदेही हसून म्हणाली.

“हे आ-आ काय हाय? मी इचारून रायली, वेशीपाशी कोन हाय. त तुमी सांगा ना, कोन हाय ते.”

वैदेहीनं माझ्याकडे पाहिलं. वही माझ्याकडे असायची. वहीत एकवीस ओळी होत्या आणि त्यात हे कुठेच नव्हतं. बायका कुजबुजायला लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मोनाली मान खाली घालून हातावरच्या हळदीकडे बघत होती.

मला त्या क्षणी सगळं कळलं. हळूहळू उलगडलं वगैरे काही नाही. एकदम कळलं. घोगरं ‘अं-ओं-ओं’. प्रत्येक ओळीनंतर. मांडीवर चाललेली बोटं. खाट आत नेल्यावर बसलेला गळा. माझ्या हातांनी त्रेसष्ट वेळा.

वैदेही रंगमंचावर वाढलेली, ती कशाला डगमगते? तिनं फोनवर तानपुरा लावला आणि दुसरा प्रश्न स्वतःच म्हणायला सुरुवात केली, मग तिसरा, मग चौथा. सुलभा आणि तन्वी तिच्यामागे गेल्या. मी ओठ हलवत राहिले. वैदेहीनं अर्ध्या तासाचं दहा मिनिटांत आटोपलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गोड गाता वो तुम्ही, असंही म्हणाल्या. पंचफुलाबाई त्यानंतर एकही ओळ म्हणाल्या नाहीत. मामानं स्पीकर सुरू केले आणि पोरं नाचायला लागली.

त्या मला मागच्या दारी सापडल्या. हळदीची भांडी घासायला पडली होती, त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी खाली बसले. सरळ विचारलं की कौतिकाबाई जे म्हणायच्या ते तुम्हाला समजायचं का.

“तिचं बोलनं नाई समजे कोनाले,” त्या म्हणाल्या. “पानी मांगे त चार डाव इचारा लागे. पन गान्यात जीभ चाले तिची. वंगाळ चाले, पन चाले. मले समजे.”

मग मला वरमायेबद्दल विचारावंसं वाटलं. गेले तीन महिने प्रेक्षागृहांत आम्ही तो प्रश्न विचारत होतो. काय विसरून आली ती? पंचफुलाबाई सांगायला तोंड उघडणार तोच थांबल्या. कपाळाला आठ्या घालून आठवू लागल्या. ओठ पुटपुटले, पण निघालं काहीच नाही.

“मले नाई येत,” त्या शेवटी म्हणाल्या. “माह्याकडचं नोहे ते. आपुन नवरीकडून इचारायचं, तिनं नवऱ्याकडून सांगायचं. आपल्याच तोंडानं इचारलं आन आपुनच सांगितलं, त मंग लगन कोनाचं झालं? जलमभर आयकलं मी तिचं, पन तोंडात नाई घेतलं कदी. ती म्हने, मंग माही पुढची आपसूक ये.”

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हातावरची हळद माझ्या घड्याळाला लागली.

“शिकाचं राह्यलं असन तुमचं. व्हते तसं. पन तुमच्या मशिनीत हाय ना ते? कौतिकाचं?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, बहुतेक सगळं किरकोळ. हे एक किरकोळ नव्हतं.

“आहे आजी,” मी म्हणाले. “सगळं आहे.”

“मंग झालं,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा इतका सैल पडला की मला तिथून उठावं लागलं. “मोनालीचं गेलं त गेलं. पुढच्या पोरीले तरी होईन पुरा.”

दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी शोधायला बसले. खरं तर काय सापडणार हे मला माहीत होतं. रेकॉर्डर कॉलेजचा, उसना आणलेला. त्याचं कार्ड मी पुसून परत केलं होतं, आणि तेही नीट पुसलंय ना ते दोनदा तपासून. लॅपटॉपवर जागा कमी म्हणून मी कापलेलं काम त्याच फाइलवर साठवत गेले होते. कॉलेजात जाऊन रेकॉर्डर मागितला, तर मधल्या काळात त्यावर दोन वक्तृत्व स्पर्धा आणि एक नाट्यवाचन झालं होतं. पुसलेल्या फाइली परत आणणारा एक माणूस गाठला. त्यानं आठवडाभर लॅपटॉप ठेवून घेतला आणि माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो परत आणून दिले.

मग गावं पालथी घातली. सावळापूरच्या आसपासच्या सात-आठ गावांत मी एकटी हिंडले. धवळा ऐकलेल्या बायका भेटल्या. म्हणणारी एकही भेटली नाही. एका आजींना घोड्याचा रंग आठवत होता असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या भेटीत त्यांनी वेगळाच रंग सांगितला.

वैदेहीला सांगायला मला पंधरा दिवस लागले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या मागे भिंतीवर ते चौकटीतलं कात्रण होतं.

“बाकी कोणाला सांगितलंस?” तिनं विचारलं.

“नाही.”

“सांगू नकोस. आता सांगून त्या परत येणार आहेत का? जूनमध्ये पुणं आहे, जुलैत दिल्ली.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “मला काय बरं वाटतंय का? पण लोकांना ते भिडतंय, ऋजुता. त्या रिकाम्या जागाच भिडतात लोकांना.”

मी पुण्याला गेले. दिल्लीलाही गेले. सगळं माहीत असताना काळी साडी नेसून त्या जागांत आ-कार लावला, टाळ्या घेतल्या. लोक येऊन हात हातात घेऊन सांगायचे की ते मौन अंगावर येतं. मी आभार मानायचे. याचं समर्थन मी तेव्हाही करू शकले नाही, आजही करत नाही. दिल्लीनंतर मात्र मी गट सोडला. माझ्या जागी दुसरी मुलगी आली, माझ्यापेक्षा चांगली गाते.

पावसाळ्याच्या अखेरीस एका दुपारी मी मेल साफ करत होते. पाठवलेल्या पत्रांत श्रीपादचं नाव दिसलं. श्रीपाद पुण्याला ध्वनिमुद्रणाचं काम करतो, अडलं की मी त्याला विचारायचे. डिसेंबरात मी त्याला एक पत्र पाठवलं होतं. विषय: ‘हा आवाज कसा काढायचा?’ सोबत अकरा सेकंदांचा तुकडा.

मी त्याचं उत्तर आधी वाचलं. ते मी त्या वेळी वाचलंच असणार, कारण त्यानं सांगितलं तसंच मी केलं होतं. त्यानं लिहिलं होतं: ‘सोपं आहे. गायिका थांबते तेव्हाच हा आवाज येतोय, तिच्यावर कुठेच चढत नाही. तेवढा भाग कापून खोलीची शांतता भर.’

हे वाचूनही मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. श्रीपादला शब्द कळत नव्हते, त्यानं आजींना पाहिलंही नव्हतं, आणि तरी त्यानं मला सगळं लिहून पाठवलं होतं.

मग मी तुकडा ऐकला. पुन्हा ऐकला. विसाव्या वेळी त्यात चाल ऐकू येऊ लागली. शब्द मात्र मला एकही लागला नाही. कुठल्या ओळीची झेल तेही कळेना, कारण प्रश्न मी पाठवला नव्हता. मला अडचण होती तेवढीच पाठवली होती.

मी फोनमध्ये तो तुकडा घातला आणि सावळापूरला गेले. सगळं खरं सांगायचं असं ठरवून गेले होते. पंचफुलाबाई आता खाटेवरच असायच्या, कौतिकाबाईंच्याच खाटेवर, त्याच कोपऱ्यात. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. शोभावहिनींनी त्यांच्या पाठीला उशी लावली.

“आनलं का वं?” त्यांनी विचारलं.

मी सांगायला सुरुवात केली. थोडंच उरलंय, असं म्हणाले. बाकीचं माझ्याकडून, असंही म्हणाले, पण तेवढ्यावरच थांबले. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, त्या माझ्या हातातल्या फोनकडे बघत होत्या. मी तो त्यांच्या कानाजवळ धरला आणि सुरू केला.

अं-ओं-ओं. अकरा सेकंद.

त्यांनी मान डोलावली, जशी आपण ओळखीच्या माणसाला पाहून डोलावतो. मी शब्द विचारायला गेले, तर त्यांनी हातानं मला गप्प केलं. गाणं चालू होतं ना. त्यांनी डोळे मिटले आणि गळ्यात होता तेवढा आवाज काढून ओळ म्हटली. मांडव कोण्या वेलीचा गे, सावली कोणावरी. वहीतली अकरावी ओळ. म्हणजे माझ्याकडे होती ती दहाव्या प्रश्नाची झेल.

ओळ संपवून त्या थांबल्या. डोळे मिटलेलेच होते. तोंड जरासं उघडं, मान फोनच्या बाजूला कललेली. त्या आपली वेळ येण्याची वाट पाहत होत्या.

शोभावहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोच तुकडा पुन्हा लावला.

पंचफुलाबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी तरीही ऐकून घेतलं, शेवटपर्यंत, आणि अकरावी ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा थांबल्या. मी आणखी एकदा लावला. आता मला रडू येत होतं, आणि ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर हात दाबून धरला होता.

त्यांनी डोळे उघडले. हात लांब करून त्यांनी फोन चाचपला, तो कसा बंद करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यावर नुसता तळवा ठेवला.

“राहू दे आता,” त्या म्हणाल्या. “आजारी हाय ती. किती डाव येकच म्हनाले लावशीन तिले?”